चार तुकड्यांचा फ्लाय रॉड: एका हंगामानंतर

फ्लाय रॉड म्हणजे गळाला खोटी माशी बांधून मासे पकडायची काठी. माझा नऊ फुटी, पाच वेटचा (म्हणजे त्या वजन-क्रमांकाच्या लाइनसाठी, मासेमारीच्या दोरीसाठी, बनवलेला), चार तुकड्यांचा ग्रॅफाइट रॉड. हंगामभर हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशांसाठी वापरला आणि मधल्या काळात ठाण्याच्या घरात सांभाळला. लाइन कशी टाकतो म्हणाल तर उत्तम, तक्रार नाही. मला लिहायचंय ते ठेवणीबद्दल. हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, पावसाळ्यात नदी गढूळ होते, आणि उरलेल्या महिन्यांत आपण तीर्थनच्या खोऱ्यातल्या बंजारपर्यंत पोचणार ते सुट्टी मिळेल तेव्हाच. म्हणजे वर्षातला बराचसा काळ हा रॉड आपल्या दमट हवेत, बंद ट्यूबमध्ये पडून असतो. तो खराब व्हायचा तर तिथेच होतो.

प्रत्येक तुकडा साधारण ७० सेंटिमीटरचा, त्यामुळे ट्यूब रेल्वेच्या बर्थखाली सहज मावते. पण अॅल्युमिनियमची ही ट्यूब आट्याचं झाकण लावलं की हवा आत-बाहेर जाऊ देत नाही. ओला रॉड तसाच कोंबला तर कॉर्कच्या मुठीवर बुरशी येते, गाइड (लाइन ज्यातून जाते त्या कड्या) बांधलेल्या दोऱ्यांवरच्या वार्निशला फोड येतात, रील बसवायच्या धातूवर डाग पडतात. मी घरी आल्याआल्या चारही तुकडे मऊ फडक्याने पुसते आणि रात्रभर पंख्याखाली ठेवते. कापडी पिशवी वेगळी वाळवायची, कारण ओल खरी तीच धरून ठेवते. जून ते सप्टेंबर झाकण सैल ठेवते आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मात्र ट्यूब कधीच नाही; तिथल्या उष्णतेने गोंद आणि वार्निश दोन्ही मऊ पडतात.

सांध्यांवर जीव लावावा. जोडताना गाइड पाव फेरा बाजूला धरायचे, आणि हलक्या दाबाने फिरवत एका रेषेत आणायचे. सोडवताना पिळायचं नाही, सरळ ओढायचं. नदीवर असताना मधूनमधून सांधे चाचपून बघा, कारण लाइन टाकता टाकता ते ढिले होतात आणि ढिल्या सांध्यावरच रॉड फुटतो. सांध्यात आत जाणाऱ्या टोकावर साधी पांढरी मेणबत्ती अगदी पातळ घासते, त्याआधी जुनं मेण पुसून काढते. तेल किंवा ग्रीस नको, त्याला वाळूचे कण चिकटतात. सांधा अडकलाच तर पक्कड अजिबात लावू नका. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून सांध्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि गुडघे हळूहळू फाकवा. जोर सरळ रेषेत लागतो आणि सांधा सुटतो.

टंगस्टन मण्याची जड माशी लाइन टाकताना रॉडवर आपटली तर बाहेरून काही दिसत नाही, पण ग्रॅफाइटचा बारीक टवका उडतो आणि रॉड पुढे कधीतरी तिथूनच तुटतो. म्हणून ट्यूबमध्ये जाण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवते, आणि गाइडच्या आतून कापूस. कापसाचा धागा अडकला की तिथे चरा पडलाय असं समजायचं. तो चरा लाइन कापत राहतो.

दोन गोष्टी खटकल्या. कॉर्कच्या छिद्रांतला भराव काही महिन्यांतच निघायला लागला; या किमतीला कॉर्क चांगला हवा होता. आणि पिशवीचं कापड जाड आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात लवकर वाळत नाही. कप्पे उत्तम शिवलेत, गाइड एकमेकांवर घासत नाहीत, पण कापड जाळीचं हवं. मी तशी एक शिंप्याकडून शिवून घेतली आहे.