ढाब्याचं बिल, भत्ता की 44एई? लांब पल्ल्याच्या गाडीवरच्या माणसाने आयकरात काय धरावं

रस्त्यावरच्या जेवणाचा खर्च आयकरातून वजा मिळतो की नाही, हे तुम्ही गाडीवर कोण म्हणून बसता त्यावर आहे. पगारी ड्रायव्हर, रेल्वेचा लोको पायलट आणि स्वतःच्या ट्रकचा मालक या तिघांनाही घराबाहेर जेवावं लागतं, पण कायदा तिघांकडे वेगळ्या नजरेने बघतो. इथले सगळे आकडे आर्थिक वर्ष 2025-26चे, म्हणजे निर्धारण वर्ष 2026-27च्या रिटर्नचे आहेत.

आधी वर्षाचं उत्पन्न मोजा. नव्या कर प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट वेगळी, म्हणजे त्याची हद्द 12 लाख 75 हजार. नागपूरच्या वाडी, कापसी, पारडीहून निघणाऱ्या गाड्यांवरचे बहुतेक ड्रायव्हर पगार आणि भत्ता मिळूनही याच्या बरेच खाली असतात. कर शून्यच असेल तर जेवणाची वजावट शून्यातून कशी काढणार, भाऊ? अशांनी पावत्यांची पिशवी सांभाळण्यापेक्षा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आधी कापून घेतलेला कर, कापला गेला आहे का ते तपासावं आणि रिटर्न भरून तो परत मागावा. खरे पैसे तिथे आहेत.

‘ड्रायव्हरला रोजचं जेवण करमुक्त’ असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, त्यातले बरेच अमेरिकेच्या नियमांवरून उचललेले असतात. तिथे स्वतःचा ट्रक चालवणारा माणूस देशातल्या प्रवासाला दिवसाचे 80 डॉलर धरून त्याच्या 80 टक्के रक्कम खर्चात टाकू शकतो. पगारी ड्रायव्हरला ही सोय तिथेही 2018पासून नाही. आपल्याकडे रोजचा असा ठरलेला दरच नाही.

पगारी माणसाचं आधी बघू. ढाब्याची बिलं जोडून पगारातून वजावट मागायची सोय आपल्या कायद्यात नाही, कितीही बिलं असली तरी. सूट मिळते ती मालकाने दिलेल्या भत्त्यावर, आणि भत्ता दोन प्रकारचा असतो. पहिला, वाहतुकीत काम करणाऱ्याला गाडी चालू असतानाच्या स्वतःच्या खर्चासाठी मिळणारा. त्याचा 70 टक्के भाग करमुक्त, पण महिन्याला जास्तीत जास्त 10 हजार. समजा महिन्याला 12 हजार भत्ता आहे, तर 8,400 सुटले आणि 3,600 पगारात धरले गेले. भत्ता 20 हजार असेल तर 70 टक्के 14 हजार होतात, तरी सुटतात 10 हजारच. बिल दाखवावं लागत नाही, हा याचा फायदा. तोटा मोठा आहे: ही सूट फक्त जुन्या प्रणालीत मिळते.

दुसरा दैनिक भत्ता, कामाच्या नेहमीच्या ठिकाणापासून दूर असतानाच्या रोजच्या खर्चासाठी. यात जेवढं खरोखर खर्च झालं तेवढं करमुक्त, आणि हे नव्या प्रणालीतही चालतं. इथे मात्र हिशोब ठेवावा लागतो. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. दैनिक भत्ता घेणाऱ्याला 70 टक्केवाली सूट मिळत नाही, असं नियमातच आहे. म्हणून फॉर्म 16, म्हणजे मालकाने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात आला की पहिल्यांदा भत्त्यापुढे काय नाव लिहिलंय ते वाचा. पगार नव्या प्रणालीची हद्द ओलांडत असेल तर ‘दैनिक भत्ता’ हे नाव आणि त्याचा हिशोब मालकाकडून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून घेतलेला बरा. मार्चमध्ये नाव बदलून काही होत नाही. ट्रिपला निघताना मिळणारी खर्ची, जिचा डिझेल-टोलसकट हिशोब परत आल्यावर द्यावा लागतो, ती तुमची कमाईच नाही. तिचा इथे प्रश्न येत नाही.

आता लोको पायलट. अजनीत इलेक्ट्रिक लोको शेड आहे, नागपूर मोठं जंक्शन आहे, त्यामुळे रनिंग स्टाफची घरं शहरात भरपूर. त्यांचा रनिंग भत्ता, म्हणजे गाडीवर ड्युटी असतानाचा भत्ता, याच 70 टक्के आणि 10 हजारांच्या नियमात बसतो, म्हणजे वर्षाला फार तर 1 लाख 20 हजार सुटतात. ही सूट जाऊ नये म्हणून जुनी प्रणाली धरून बसणारे बरेच असतात. पण गणित करून बघा.

समजा वर्षाची सगळी कमाई 15 लाख. नव्या प्रणालीत 75 हजार वजा जाऊन 14,25,000 उरले, कर सेससकट (करावरचा 4 टक्के अधिभार) 97,500. जुन्या प्रणालीत रनिंग भत्त्याचे 1,20,000, प्रमाणित वजावट 50,000, व्यवसाय कर 2,500 आणि 80सीचे (पीएफ, विमा अशा बचतीवरची वजावट) पूर्ण दीड लाख काढले तर 11,77,500 उरतात, आणि कर 1,72,380. म्हणजे भत्त्याची सूट पूर्ण घेऊनही जुनी प्रणाली जवळजवळ 75 हजारांनी महाग. आता यात गृहकर्जाचं व्याज 2 लाख, एनपीएस या पेन्शन योजनेचे जादा 50 हजार आणि मेडिक्लेमचे 25 हजार घाला. तेव्हा कुठे जुन्या प्रणालीचा कर 96,720वर येतो. बचत 780 रुपये! एवढी सगळी कागदपत्रं गोळा करून. त्यामुळे ज्याच्याकडे मोठं गृहकर्ज किंवा भरभक्कम घरभाडं नाही, त्याने रनिंग भत्त्याच्या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत. पगारदाराला दरवर्षी रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते, तेव्हा दोन्ही गणितं करून बघायला काही जात नाही.

एसटीच्या चालक-वाहकांनाही हाच नियम, पण बहुतेकांचं उत्पन्न करमुक्त हद्दीत बसत असल्याने मामला तिथेच संपतो.

ट्रकमालकाचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं. दहापर्यंत मालगाड्या असतील तर कलम 44एईचा, म्हणजे खऱ्या हिशोबाऐवजी ठरलेल्या दराने उत्पन्न धरायचा, रस्ता आहे. एकूण वजन 12 टनांच्या वर असलेल्या गाडीवर दर टनामागे महिन्याला 1 हजार, त्याखालच्या गाडीवर महिन्याला सरसकट 7,500 एवढं किमान उत्पन्न धरायचं. 28 टनांच्या एका गाडीचे वर्षाला 3,36,000 झाले. वहीखातं ठेवायची सक्ती नाही, ऑडिट नाही. पण डिझेल, टायर, ड्रायव्हर-क्लीनरची खुराकी, तुमचं जेवण, घसारा (गाडीची दरवर्षी घटणारी किंमत), सगळं यातच वजा झालं असं समजतात. वेगळं काही मागता येत नाही. आणि गाडी तुमच्या नावावर आहे तेवढे महिने मोजले जातात, मग ती गॅरेजमध्ये उभी का असेना. हप्त्यावरची गाडीही तुमचीच.

28 टनांच्या अशा तीन गाड्यांपर्यंत हा रस्ता डोळे झाकून घ्या: 10,08,000 उत्पन्न, नव्या प्रणालीत कर शून्य. चौथी गाडी आली की उत्पन्न 13,44,000 होतं आणि कर 84,864. तेव्हा खरी वही ठेवायचा विचार डोक्यात येतो. पण तो जेवणासाठी करू नका. समजा तुम्ही स्वतः वर्षातले 200 दिवस रस्त्यावर, रोजचे 300, म्हणजे 60 हजार. हे सगळे मान्य झाले तरी करात वाचतात 9,360. 44एईपेक्षा कमी उत्पन्न दाखवायचं तर वही आणि ऑडिट दोन्ही लागतं, आणि सीएची फी यातून भागणं कठीण. वही परवडते ती नवी गाडी घेतल्यावर, कारण भाड्याच्या ट्रकवर 30 टक्के घसारा आणि वर कर्जाचं व्याज धरता येतं. पुढच्या वर्षी परत 44एईवर यायला बंदी नाही.

वहीत ड्रायव्हर-क्लीनरला दिलेली खुराकी निर्धास्त दाखवा, तो धंद्याचाच खर्च आहे. मालकाच्या स्वतःच्या जेवणावर मात्र अधिकारी अडवू शकतो, कारण माणूस घरी असला तरी जेवतोच. तिथे नोंद कामी येते: बिल्टी (मालाची पावती) नंबर, नागपूर ते रायपूर, देवरीजवळ दुपारचं जेवण 160 यूपीआय, चहा 30 रोख, रात्री रायपूरला 180. बिल्टीची तारीख, फास्टॅगची वेळ आणि यूपीआयची नोंद एकमेकांशी जुळली तर तारखेशिवायच्या चिठोऱ्यांपेक्षा तिला कितीतरी वजन येतं.

दहापर्यंत गाड्यावाल्यांनी भाडं देणाऱ्या पार्टीला पॅनसकट लेखी घोषणापत्र द्यावं, म्हणजे भाड्यावर टीडीएस कापला जात नाही. आणि मालकाला पगारदारासारखी दरवर्षी प्रणाली बदलता येत नाही: जुनीत जायला फॉर्म 10-आयईए मुदतीत भरावा लागतो, आणि धंद्याचं उत्पन्न आहे तोवर नवीत परतायची संधी एकदाच.

1 एप्रिल 2026 पासून 2025चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा 2026-27च्या भत्त्याचा हिशोब मालकाशी ठरवताना इथले 70 टक्के आणि 10 हजार जसेच्या तसे उचलू नका, सीएला नवे नियम काढून दाखवायला सांगा.