कोल्ह्याची शिकार भिंतीवर: एक तैलचित्र की चार प्रिंट्सचा संच?

बर्मिंगहॅमच्या एका मित्राने घर घेतलंय. शेकोटीच्या वरची सहा फुटांची भिंत रिकामी आहे आणि तिथे इंग्लिश कोल्हेशिकारच हवी, असं त्याने ठरवून टाकलंय. लाल कोट, कुंपणावरून झेपावणारे घोडे, पांढऱ्या-तपकिरी कुत्र्यांची झुंड, मागे नोव्हेंबरचं राखाडी आभाळ. त्याचा प्रश्न एवढाच, की जुनं तैलचित्र घ्यावं की शिकारीची चित्रं काढणाऱ्या हेन्री आल्कन या जुन्या इंग्लिश चित्रकाराच्या चार प्रिंट्सचा संच? माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी संच आला, दोन वर्षांनी तैलचित्र आलं, आणि आज भिंतीवर एकच आहे. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून हे लिहितोय.

मी राहतो लेस्टरशायरमध्ये, म्हणजे या प्रकरणाच्या माहेरीच. आमच्यापासून जवळच क्वॉर्न गाव आहे. ह्यूगो मेनेल नावाच्या जमीनदाराने १७५३ पासून १८०० पर्यंत इथली शिकारी कुत्र्यांची झुंड सांभाळली, वेगाने पळणारे कुत्रे पैदा केले आणि कोल्ह्यामागे भरधाव घोडा टाकायची फॅशन आणली. पुढे मेल्टन मोब्रे हे गाव या शौकिनांचा अड्डा झालं, आणि अड्डा आला की चित्रकार येणारच. जॉन फर्नली तिथेच स्थायिक झाला आणि लोकांच्या लाडक्या घोड्यांची चित्रं काढून त्याने पोट भरलं. मेल्टनच्या कार्नेगी म्युझियममध्ये त्याचं काम आहे. खरेदीआधी एक चक्कर मारा, चांगला घोडा कसा रंगवतात ते डोळ्यांत बसतं.

एक शब्दाची गंमत. आपण कोल्हा म्हणतो तेव्हा बहुतेकदा मनात जॅकल असतो. फॉक्सला मराठीत खरं तर खोकड म्हणायला हवं. पण साहेब उटीला गेला तेव्हा तिथे मायदेशातून आणलेले कुत्रे त्याने जॅकलमागेच सोडले. म्हणजे उटीच्या चित्रात आपला कोल्हा बरोबर बसतो, लेस्टरशायरच्या चित्रात मात्र तो खोकड असतो. असो, सवयीने मी कोल्हाच लिहिणार.

आधी संचाबद्दल, कारण पहिलं प्रेम तेच. आल्कन (१७८५ ते १८५१) सुरुवातीला ‘बेन टॅली हो’ या टोपणनावाने छापायचा. टॅली हो म्हणजे कोल्हा दिसल्यावरची आरोळी. त्याच्या प्रिंट्स अ‍ॅक्वाटिंटच्या. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवून आम्लात बुडवायचं, त्या पत्र्यावरून छाप काढायचा आणि वर जलरंगाने हाताने रंग भरायचे. चित्राच्या कडेने बोट फिरवलं की पत्रा दाबला गेल्याची बारीक पायरी लागते. ती पायरी आणि रंगाचा हातचा थरथरता काठ, या दोन गोष्टींसाठी मी संच घेतला. लिलावात १८० पौंडांवर हातोडा पडला, वर लिलावगृहाचं कमिशन आणि कर मिळून २३४ झाले. पहिल्यांदा लिलावात जाणाऱ्याने हे वरचे पैसे आधीच धरावेत.

संचात शिकार गोष्टीसारखी उलगडते. पहिल्या चित्रात सगळे जमतात, दुसऱ्यात कोल्हा झाडीतून सुटतो, तिसऱ्यात कुत्रे एका सुरात भुंकत माळ पालथा घालतात. कुत्रे जोडीने मोजायची पद्धत आहे. सतरा म्हणायचं नाही, साडेआठ जोड्या म्हणायचं. माझ्या तिसऱ्या चित्रात मी आणि मुलीने एका पावसाळी रविवारी मोजले तर अकरा जोड्या आणि एक शेपूट निघाली. दिवाणखान्यात पाहुण्यांशी बोलायला असा विषय तैलचित्र कधी देणार नाही, हे कबूल करतो.

तापदायक गोष्टीही आहेत. कागदावर तपकिरी ठिपके येतात, त्याला इथले लोक फॉक्सिंगच म्हणतात. शिकारीच्या चित्रावर फॉक्सिंग, हा विनोद प्रत्येक दुकानदार करतो आणि प्रत्येक वेळी हसावं लागतं. निळा रंग उन्हात उडतो. माझ्या संचाचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बदलायला काढला तेव्हा जुन्या माउंटखाली झाकलेली पाव इंचाची पट्टी लख्ख निळी निघाली आणि बाकीचं आभाळ पातळ चहासारखं. तेव्हा कळलं की दोन वर्षं मी ज्याला इंग्लंडचं ढगाळ आभाळ समजत होतो, ते उडालेलं निळं होतं. शिवाय नंतरच्या काळात छापलेल्या प्रती ढिगाने आहेत. भिंगाखाली सुबक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यांत्रिक छपाईचं काम, हळूच खाली ठेवा. कागद उजेडासमोर धरला की कधी कधी ‘जे. व्हॉटमन’ आणि साल दिसतं. ते साल कागद बनवल्याचं असतं, छाप त्यानंतर कधीही घेतलेला असू शकतो, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

पण यातलं काहीच मला पुरेसं नव्हतं. मला बेजार केलं चौथ्या चित्राने.

चौथ्या चित्राचं नावच ‘द डेथ’. कुत्र्यांचा हाकारी घोड्यावरून उतरलाय, मेलेला कोल्हा त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरलाय आणि खाली कुत्रे उड्या मारताहेत. पूर्वी यानंतर शेपूट आणि मुंडकं मानकऱ्यांना वाटायचे. मी हे दोन वर्षं बघत होतो आणि मला काही वाटत नव्हतं. मग सांगलीहून आई आली, सहा महिन्यांसाठी. जेवणाच्या टेबलावर तिची खुर्ची नेमकी त्या चित्रासमोर. आठवडाभर काही बोलली नाही. रविवारी मटण होतं. चवीने खाता खाता म्हणाली, “मारलं तर मारलं रे, पण तो हसतोय बघ.”

मी उठून जवळ जाऊन पाहिलं. खरंच हसत होता. गालावर हाताने भरलेले दोन गुलाबी ठिपके, तोंड उघडं, आणि वरच्या दातांसाठी कागद कोरा सोडलेला. त्या दिवसापासून वरण वाढून घेताना माझीही नजर तिकडेच जायला लागली.

तुम्ही म्हणाल, एक चित्र काढून ठेव. ठेवलं. पण चारचा चौकोन मांडलेल्या भिंतीवरचं एक काढलं की पडलेल्या दातासारखं दिसतं, आणि वॉलपेपरवर त्या जागी उजळ आयत उमटलेला असतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, “चौथं कुठाय?” मग चारही जिन्यात ओळीने लावली. तिथे पायऱ्यांबरोबर गोष्ट वर चढते आणि चौथं येतं बरोबर बाथरूमच्या दाराशी. रात्री दिवा लावला की काचेत आपला चेहरा आणि त्या चेहऱ्यावर तो हसरा माणूस. चौथ्याच्या जागी आल्कनचं दुसरं काहीतरी बसवून पाहिलं, तर आकारही जुळेना आणि कागदाचा रंगही. तीनच विकायला काढली तर दुकानदार म्हणाला की तुटलेला संच तो फ्रेमच्या भावाने घेईल. म्हणजे चौथं लावता येत नाही आणि त्याच्यावाचून बाकीच्या तिघांना किंमत नाही. जावयाबरोबर रुसका मामा आलाच, तसली गत.

म्हणून तैलचित्राकडे वळलो आणि पहिल्याच फेरीत फसलो. जुन्या वस्तूंच्या एका जत्रेत ‘ऑइल ऑन कॅनव्हास’ अशी चिठ्ठी लावलेलं चित्र घेतलं. घरी आणून तिरप्या उजेडात धरलं तर ब्रशचे उंचवटे दिसत होते, पण त्यांचा चित्राशी संबंध नव्हता. एक जाड फटकारा घोड्याच्या कानातून निघून सरळ आभाळात गेला होता. कुठला चित्रकार असा ब्रश ओढेल? तो ओलिओग्राफ होता. तेलकट शाईने छापून वर कॅनव्हासचा पोत उठवलेला. आपल्याला हे खरं तर कळायला हवं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, आणि तिथले लक्ष्मी-सरस्वतीचे ओलिओग्राफ घरोघरी लागले. आमच्या आजीच्या देवघरात लक्ष्मी होती. तिच्यासमोर हात जोडून वाढलेला मी, आणि नव्वद पौंडांना चकलो. ज्याने विकलं त्याने पैसे परत करायला नकार दिला नाही, फक्त फोन उचलला नाही.

दुसऱ्या खेपेला आधी पाठ पाहिली. तैलचित्र विकत घेताना निम्मा वेळ पाठीमागे घालवावा, असं माझं मत झालंय. लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत कॅनव्हास ताणून धरणाऱ्या पाचरी होत्या, कॅनव्हास वयाने तपकिरी झालेला होता आणि विन्सर अँड न्यूटन या रंग-कॅनव्हास विकणाऱ्या कंपनीचा लंडनमधल्या रॅथबोन प्लेसच्या पत्त्याचा पुसट शिक्का होता. सही नव्हती. सही नसलेलं चित्र घ्यायला मी तरी घाबरत नाही. सहीचे पैसे वेगळे लागतात, आणि खोटी सही ही चित्रावरची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

घोड्यांचे पाय मात्र बघा. माझ्या चित्रात सगळे घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याचे ओळीने फोटो काढले आणि घोडा हवेत असतो तेव्हा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात, हे दिसलं. त्यानंतर जाणकार चित्रकारांनी हळूहळू ताणलेले पाय सोडले. विकणारा माझं चित्र १९०० च्या सुमाराचं म्हणत होता, मला ते तीसेक वर्षं आधीचं वाटतं. अर्थात गावाकडचे चित्रकार जुनी चित्रं समोर ठेवून रंगवत राहिले, त्यामुळे पायांवरून शपथ घेऊ नये.

४२० पौंडांवर हातोडा पडला, घरी येईपर्यंत ५४६. संचाच्या दुपटीहून जास्त, आणि वर कटकटी. वॉर्निश पिवळं पडून लाल कोट विटकरी झालेत. उजव्या कोपऱ्यातली झाडी इतकी काळी आहे की तिथे हत्ती असला तरी दिसणार नाही. सोनेरी फ्रेमच्या नक्षीचा एक कोपरा गाडीतून उतरवताना हातात आला. समोर दक्षिणेची खिडकी, त्यामुळे हिवाळ्यात अकरा ते एक निम्मं चित्र नुसतं चकाकतं. फ्रेमच्या मागे वरच्या बाजूला बुचाचे दोन तुकडे चिकटवून ती जरा पुढे झुकवली, तेव्हा चकाकी पुष्कळ कमी झाली. साफ करून घ्यायचं ठरवलं होतं, दर ऐकून बेत पुढे ढकलला. बटाट्याने, कांद्याने, पावाने पुसा म्हणणारे भेटतील. त्यांना त्यांचं स्वतःचं चित्र पुसू द्या.

आणि तरीही तेच भिंतीवर आहे. त्यात कोल्हा नाहीच. पाच स्वार, सगळ्यात पुढे एक पंचकल्याणी, त्याच्या छातीवर घामाचा पांढरा फेस ब्रशच्या दोन ठोक्यांत काढलेला. कुंपणावरून कुत्रे सांडल्यासारखे खाली येताहेत. डावीकडे फाटक उघडून धरलेला एक पोरगा, टोपी हातात, आणि त्याच्या पायाशी एक कुत्रा थांबून मागे वळून बघतोय. त्याला शिकारीत अजिबात रस नाही. मुलीने त्याचं नाव मोत्या ठेवलंय. आई दुसऱ्यांदा आली तेव्हा त्याच खुर्चीत बसून जेवली. कोल्हा कुठाय म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, पुढे पळाला. तिने पोळी मोडली आणि पुढचा विषय काढला.

मित्राला मी हेही सांगितलं की इंग्लंडमध्ये हा विषय नुसता शोभेचा नाही. कुत्र्यांनी कोल्हा मारण्याला इंग्लंड-वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून कायद्याने बंदी आहे आणि त्यावरून अजून भांडणं होतात. आमच्या शेजारच्या बाई संच होता तेव्हा चौथ्या चित्राकडे पाठ करून बसायच्या. तैलचित्राखाली त्या चहा पितात, फारतर फ्रेमची चौकशी करतात. उलट पाहिलं तर आल्कनची चित्रं पबच्या भिंतीवर, बिस्किटाच्या डब्यावर, बुचाच्या टेबलमॅटवर इतकी छापली गेली आहेत की खरा संच लावला तरी काहींना तो मॅटचाच मोठा भाऊ वाटतो.

भिंत अरुंद असेल, खोलीत ऊन येत नसेल, खिसा सांभाळायचा असेल आणि जेवणाचं टेबल दुसऱ्या खोलीत असेल, तर संच घ्यायला माझी हरकत नाही. पहिली तीन चित्रं खरोखर देखणी आहेत आणि नजरेला जितकी जवळ, तितकी खुलतात. शेकोटीच्या वर, सात-आठ फुटांवरून बघायचं असेल तर मला तरी तैलचित्रच योग्य वाटतं. फक्त धुरापासून जरा लांब ठेवा आणि मागे पाचरी आहेत का ते बघा.

सगळं ऐकून मित्र संचाकडेच झुकला. माझा संच पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय. म्हटलं, घेतल्या किमतीत घेऊन जा, पण चारही न्यायची, चौथं माझ्याकडे राहणार नाही. “बायकोला विचारून सांगतो,” म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले.