इंदूरच्या सहा शाळांची डिस्क्लोजर पेजेस वाचून काढली, त्याचा रिव्ह्यू

राजवाड्याजवळचं जुनं घर सोडून आम्ही गेल्या वर्षी राजेंद्र नगरला आलो आणि मुलीची शाळा एकदम लांब पडायला लागली, पोरगी सकाळी सहाला घराबाहेर आणि दुपारी तीनला परत, आल्या आल्या जेवायच्या आधीच झोपून जायची. म्हणून यंदा सहावीसाठी जवळची शाळा शोधायला घेतली. भिशीच्या ग्रुपवर विचारलं तर बारा जणींनी बारा नावं सांगितली आणि प्रत्येकीचं कारण एकच, 'बिल्डिंग मस्त आहे'. मग माझ्या धाकट्या नणंदेनं, ती स्वतः शिक्षिका आहे, सांगितलं की वहिनी बिल्डिंग नंतर बघा, आधी वेबसाइटवर सगळ्यात खाली 'मॅन्डेटरी पब्लिक डिस्क्लोजर' लिहिलेलं असतं ते उघडा. तर हा रिव्ह्यू त्या पेजचा. सहा शाळा बघितल्या, सगळ्या सीबीएसईच्या, सगळ्या राऊ ते अन्नपूर्णा रोड या पट्ट्यातल्या. शाळांची नावं मुद्दाम देत नाहीये, तुम्ही तुमच्या शाळेचं पेज स्वतः उघडावं हीच माझी इच्छा आहे.

आधी रेटिंग देऊन टाकते. सीबीएसईनं जो फॉरमॅट बनवलाय त्याला 5 पैकी 4. शाळांनी तो ज्या पद्धतीनं भरलाय त्याला सरासरी 2, त्यात एका शाळेला पूर्ण 5 देईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीबीएसईशी संलग्न प्रत्येक शाळेला हे पेज स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावंच लागतं आणि सगळ्यांना फॉरमॅट एकच आहे, परिशिष्ट 9 म्हणतात त्याला. सुरुवातीला शाळेचं नाव, एफिलिएशन नंबर, पत्ता, प्रिन्सिपॉलचं नाव आणि शिक्षण. मग कागदपत्रं, म्हणजे संलग्नतेचं पत्र, ट्रस्ट किंवा सोसायटीचं रजिस्ट्रेशन, राज्य सरकारची एनओसी, 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालची मान्यता, बिल्डिंग सेफ्टी, फायर सेफ्टी, पाणी आणि स्वच्छतेचं सर्टिफिकेट. त्यानंतर फीस, वर्षाचं कॅलेंडर, मॅनेजमेंट कमिटी आणि पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघाची यादी, दहावी-बारावीचे तीन वर्षांचे रिझल्ट. मग शिक्षक किती, स्पेशल एज्युकेटर, म्हणजे शिकायला अडचण असलेल्या मुलांसाठीचा शिक्षक, आहे का, काउन्सेलर आहे का. शेवटी जागा किती, वर्ग किती आणि केवढे, मुलींचे टॉयलेट किती, मुलांचे किती, आणि इन्स्पेक्शनच्या व्हिडिओची यूट्यूब लिंक. कागदांवर शाळेच्या चेअरमन किंवा मॅनेजर किंवा सेक्रेटरीची आणि प्रिन्सिपॉलची सही लागते, आणि कागद खरे नाहीत असं पुढे निघालं तर जबाबदार शाळाच. एवढं सगळं कोणाला न विचारता, घरी बसून, फुकटात बघायला मिळतं! मी दहा वर्षांपासून आई आहे आणि मला हे आत्ता कळलं याचं मला खरंच वाईट वाटलं.

पहिली शाळा उघडली ती ग्रुपवर सगळ्यात जास्त नाव निघालेली. वेबसाइटवर घोडे, स्विमिंग पूल, सगळं. डिस्क्लोजर पेज शोधायलाच वीस मिनिटं गेली, कारण ते मेन्यूमध्ये 'अबाउट'च्या आत 'अदर्स'च्या आत होतं. टेबल छान रंगीत, प्रत्येक ओळीसमोर 'क्लिक हियर', आणि कुठेही क्लिक केलं तरी एकच पीडीएफ उघडते, संलग्नतेचं पत्र. फायरवर क्लिक करा तेच, पाण्यावर करा तेच. फोन केला तर बाई म्हणाल्या 'मॅडम, सब अपलोडेड है'. मी म्हटलं तुम्ही स्वतः एकदा क्लिक करून बघता का, तर म्हणाल्या आयटीवाल्यांना सांगते. दीड महिना झाला, अजून तसंच आहे. टेबल भरलेलं दिसतं म्हणून पालक पुढे बघत नाहीत, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

दुसऱ्या शाळेचे कागद मात्र सगळे उघडले आणि तिथे खरी गंमत सासऱ्यांमुळे कळली. नाना बांधकाम खात्यातून रिटायर झालेत, त्यांना मी टॅबवर बिल्डिंग सेफ्टीचं सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अगं, हे तळमजला अधिक दोनचं आहे. तू म्हणालीस तुमचा सहावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असणार." मी दोन दिवस आधीच तिथे जाऊन आले होते, तिसरा मजला माझ्या डोळ्यांनी बघितलाय, तिथे नवीन फरशी होती, रंगाचा वास येत होता. म्हणजे ज्या मजल्यावर माझी मुलगी बसणार तो मजला त्या कागदात नाहीच.

मग नानांनी मला कुंभकोणमचं सांगितलं, मी तेव्हा शाळेतच होते म्हणून अंधुक आठवत होतं. 16 जुलै 2004, तमिळनाडू, स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि 94 मुलं गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टात केस चालली आणि 2009 साली कोर्टानं सांगितलं की देशातल्या सगळ्या शाळांमध्ये आग विझवायची साधनं पाहिजेत आणि बिल्डिंग नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट पाहिजे, त्याशिवाय मान्यता नाही. पेजवरच्या त्या दोन ओळींमागे ही मुलं आहेत. तेव्हापासून मी प्रत्येक शाळेच्या फायर सर्टिफिकेटवर सगळ्यात आधी तारीख बघते. सहापैकी दोघांची तारीख उलटून गेलेली होती, एकीची तर दोन वर्षांपूर्वी. पेज वाचायला वेळ नसेल तर निदान ही एक तारीख बघा.

शिक्षकांचा आकडा कसा वाचायचा ते नणंदेनं शिकवलं. सीबीएसईच्या नियमात एका सेक्शनमागे, म्हणजे तुकडीमागे, दीड शिक्षक पाहिजेत आणि 30 मुलांमागे एकापेक्षा कमी शिक्षक नकोत. तिसऱ्या शाळेच्या पेजवर सेक्शन 42 आणि शिक्षक 51. गुणाकार करा, 42 गुणिले दीड, 63 होतात. बारा शिक्षक कमी, आणि हे त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय! पण खाली 'टीचर्स सेक्शन रेशो'च्या रकान्यात मात्र छान 1:1.5 टाकलंय. मी भेटीला गेले तेव्हा शांतपणे विचारलं तर उत्तर मिळालं की स्पोर्ट्स आणि डान्सचे सर वेगळे आहेत, ते धरले नाहीत. असू शकतं, पण मग पेजवर धरा ना. स्पेशल एज्युकेटरसमोर 'येस' लिहिलेलं होतं, मी म्हटलं भेटता येईल का, तर म्हणे त्या गुरुवारीच येतात. माझ्या बहिणीच्या मुलाला लिहिण्यात अडचण आहे, तो रोज शाळेत जातो, फक्त गुरुवारी नाही.

रिझल्टबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळेच शंभर टक्के दाखवतात. फक्त टक्के सोडून 'रजिस्टर्ड' आकडा बघा, नववीत 120 मुलं असलेल्या शाळेतून दहावीला 95 बसली असतील तर मधली कुठे गेली ते विचारायचं.

मॅनेजमेंट कमिटीच्या यादीत दोन पालक असावे लागतात. चौथ्या शाळेच्या यादीत पालक म्हणून ज्यांचं नाव होतं ते आमच्याच जुन्या गल्लीतले निघाले, त्यांचा मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांना विचारलं तर बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं की त्यांचं नाव अजून तिथे आहे, कुठल्या मीटिंगला तर बोलावलंच नाही कधी. ही यादी कोणी वाचत नाही म्हणूनच तशी राहते.

आता फीस. यावर मध्य प्रदेशात वेगळा कायदा आहे, 2017 चा, खासगी शाळांच्या फीसवर, आणि त्याचे नियम 2020 मध्ये आले. फीस वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत शाळा स्वतः वाढवू शकते, दहाच्या वर पंधरापर्यंत जिल्हा समितीची परवानगी लागते आणि त्याच्याही वर गेलं तर राज्य समितीची. पुस्तकं आणि युनिफॉर्म अमुकच दुकानातून घ्या अशी जबरदस्तीही करता येत नाही. 2024 मध्ये जबलपूरला याच फीस आणि पुस्तकांच्या प्रकरणात शाळांवर गुन्हे दाखल झाले तेव्हा इंदूरमध्येही पालकांना पहिल्यांदा जाग आली. तर पेजवर फीसची पीडीएफ उघडा आणि मागच्या वर्षीची मागा, दोन्ही शेजारी ठेवा. पाचव्या शाळेनं फक्त ट्यूशन फीस टाकली होती, साडेचार हजार महिना, आणि काउंटरवर जो छापील कागद दिला त्यात 'अ‍ॅन्युअल चार्जेस', 'स्मार्ट क्लास', 'अ‍ॅक्टिव्हिटी' मिळून वर्षाचे आणखी 31 हजार होते. वेबसाइटचा आकडा बघून ज्यांनी बजेट बांधलं त्यांनी काय करायचं?

इन्स्पेक्शनचा व्हिडिओ जरूर बघा, कंटाळवाणा असतो पण पूर्ण बघा. याच पाचव्या शाळेच्या व्हिडिओत मोठी लायब्ररी होती, पुस्तकांची कपाटं, गोल टेबलं. मी गेले तेव्हा त्या खोलीत सातवीचा वर्ग भरलेला होता आणि कपाटं पॅसेजमध्ये कुलूप लावून उभी.

अजून एक जागा आहे तपासायची, यूडायस प्लस, म्हणजे देशातल्या शाळांच्या माहितीची सरकारी वेबसाइट. प्रत्येक शाळेला 11 आकडी कोड असतो, आपल्या मध्य प्रदेशातल्या शाळांचा 23 ने सुरू होतो, 'नो युअर स्कूल'मध्ये टाकला की शाळेनं सरकारला काय माहिती दिलीय ते दिसतं. दोन्हीकडचे आकडे जुळवून बघा. एका शाळेनं स्वतःच्या पेजवर मुलींचे टॉयलेट 24 लिहिलेत आणि यूडायसवर 14. वयात येणाऱ्या मुलीच्या आईला हा आकडा किती महत्त्वाचा असतो ते वेगळं सांगायला नको, मी जाऊन मोजले, 14 च होते आणि त्यातल्या तीनला कडी नव्हती. एमपी बोर्डाच्या शाळांना परिशिष्ट 9 लागू नाही, त्यामुळे तिथे मुलं घालणाऱ्यांनी यूडायसपासूनच सुरू करावं.

फॉरमॅटचा एक स्टार मी का कापला ते आता सांगते. त्या सगळ्या रकान्यांमध्ये बसबद्दल एकही ओळ नाही. 2018 च्या जानेवारीत आपल्या बायपासवर स्कूल बसचा जो अपघात झाला तो इंदूरमध्ये कोणी विसरलेलं नाही, त्या संध्याकाळी आमच्या जुन्या घरी चूल पेटली नव्हती, आणि आमच्या ओळखीचं कोणी त्या बसमध्ये नव्हतं तरी. स्पीड गव्हर्नर म्हणजे वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र, फिटनेस, इन्शुरन्स, ड्रायव्हरचं लायसन्स, हे सगळं फायर सर्टिफिकेटच्या शेजारी का असू नये? मूल दिवसाचा दीड तास त्या बसमध्ये असतं. सीबीएसईनं हा रकाना घालावाच, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सहावी शाळा. जुनी, दोन मजली, समोर कडुनिंबाचं झाड, वेबसाइट दहा वर्षांपूर्वीची वाटते आणि मोबाईलवर नीट उघडतही नाही. पण डिस्क्लोजरची लिंक पहिल्याच पानावर, सगळे कागद सरळ स्कॅन केलेले, वाचता येणारे, प्रत्येकासमोर कुठपर्यंत व्हॅलिड ते लिहिलेलं. सेक्शन 18, शिक्षक 29. लॅब एकच होती कॉम्प्युटरची, तर एकच लिहिली होती. मी प्रिन्सिपॉल मॅडमना भेटले तेव्हा माझ्या हातात प्रिंटआउट होते, मला वाटलं रागावतील, त्या म्हणाल्या, "बसा, आठ वर्षांत पहिल्यांदा कोणी हे कागद घेऊन आलंय." वर्गाचं माप विचारलं तर शिपायाला टेप आणायला लावला, नाना आणि तो दोघं वाकून मोजत होते, आठ मीटर बाय सहा, पेजवर जे होतं तेच. मी बसचं विचारलं, पेजवर रकाना नाही तरी मला माहिती पाहिजे म्हटलं. त्यांनी चारही बसच्या फिटनेसच्या तारखा कागदावर लिहून दिल्या आणि आठ दिवसांनी बघते तर त्या वेबसाइटवरही टाकलेल्या होत्या, फीसच्या खाली.

स्विमिंग पूल नाही म्हणून मुलगी दोन दिवस रुसली होती, आता खुश आहे, पावणेदोनला घरी येते आणि जेवून खेळायला जाते. शाळेचं फायर सर्टिफिकेट ऑक्टोबरमध्ये संपतंय, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी त्या तारखेला लाल गोल केलाय आणि मॅडमना तसं सांगूनही आलेय.