एआरटी घेणाऱ्या बायकांसाठी लॅबचं ‘हार्ट पॅकेज’: काय घ्यावं, काय वगळावं

घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबांची ‘लेडीज हार्ट’, ‘फुल बॉडी’ अशी पॅकेजं आता बेळगाव शहरातच नव्हे, निपाणी-खानापूरकडेही खपतात. इथे ती एकाच बाजूने तपासली आहेत: एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) चालू असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला त्यांचा किती उपयोग? आमचं मत असं, की साठ-सत्तर ओळींपैकी पाच-सहाच तिच्या कामाच्या आहेत. उरलेल्यांतल्या काही तिला विनाकारण घाबरवतात.

पैसे वसूल होतात ते लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत. पण बहुतेक रिपोर्टांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मोजलेलं नसतं, हिशेबाने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, त्यातून ट्रायग्लिसराइड या दुसऱ्या चरबीचा पाचवा भाग वजा. समजा एकूण २१२, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड २६० आलं. एलडीएल निघतं १२२, आणि ते बघून सगळे निर्धास्त होतात. आता २१२ मधून नुसतं ३८ वजा करा. १७४ हा नॉन-एचडीएलचा, म्हणजे चांगलं सोडून उरलेल्या सगळ्या कोलेस्टेरॉलचा आकडा, आणि तो चांगला नाही. शिवाय बाईचं एचडीएल ५० च्या वर हवं, इथे ते ३८ आहे. एफाविरेन्झ किंवा रिटोनाविर असलेल्या गोळ्यांवर ट्रायग्लिसराइड चढतं, म्हणून अशा बाईने नॉन-एचडीएल आधी बघावं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हिशेबाचं एलडीएल धरूच नये, ‘डायरेक्ट एलडीएल’ मागावं.

नमुना देताना दहा-बारा तास उपाशी राहावं. पाणी चालतं. एआरटीची गोळी मात्र नेहमीच्या वेळेलाच घ्यायची, ‘उपास आहे’ म्हणून चुकवायची नाही. ताप किंवा मोठं आजारपण होऊन गेलं असेल तर तीन-चार आठवडे थांबा, त्या काळात कोलेस्टेरॉल खोटं कमी दिसतं. नुकतीच एआरटी सुरू झालेल्या बाईचं उलट होतं. आजाराने खाली गेलेलं कोलेस्टेरॉल तब्येत सुधारली की वर येतं. तो सगळा दोष गोळीच्या माथी मारू नये.

आता घाबरवणाऱ्या ओळी. सरकारी सेंटरमधून मोफत मिळणाऱ्या टीएलडी (तीन औषधांच्या एकत्र) गोळीतलं डोल्युटेग्राविर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, थोडं वाढवतं. मूत्रपिंड बिघडत नाही, फक्त क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडते. अॅटाझानाविर या एआरटीच्या औषधावर बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) वाढून डोळे पिवळट दिसू शकतात, ती यकृत बिघडल्याची कावीळ नव्हे. लॅबचं मशीन दोन्ही ठिकाणी लाल खूण करतं आणि घरचे बाईला मूत्रपिंडाच्या नाहीतर यकृताच्या डॉक्टरकडे पळवतात. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) याच्या उलट फसवतं: झिडोव्हुडिनसारख्या गोळ्यांवर ते खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं, म्हणून उपाशीपोटीची शुगर सोबत हवीच. एचएस-सीआरपी या दाह मोजणाऱ्या तपासणीवर पैसे घालवू नका. एचआयव्हीमध्ये शरीरात दाह आधीच असतो, त्या आकड्यावरून हृदयाचं वेगळं फारसं काही ठरत नाही.

सगळ्यात मोठा धोका पॅकेजच्या शेपटाला आहे. कॅल्शियम-लोह कमी दिसलं की मेडिकलवाला गोळ्या देतो, आणि त्या डोल्युटेग्राविरला आतड्यातच बांधून ठेवतात. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. ते जमत नसेल तर दोन्ही जेवणासोबत एकत्र चालतात, उपाशीपोटी एकत्र नाही.

रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ हा शिक्का सर्वसाधारण माणसांसाठी आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांचा हृदयाचा धोका नेहमीचे तक्ते नीट दाखवत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिप्रीव्ह या मोठ्या अभ्यासात १२ देशांतले एचआयव्ही असलेले ७,७६९ जण होते, भारतातलेही, आणि त्यांत सुमारे ३१ टक्के बायका. वय ४० ते ७५, हृदयाचा धोका कमी ते मध्यम. सुरुवातीचं एलडीएल साधारण १०८, म्हणजे आपल्या लॅबच्या दृष्टीने फार वाईट नाहीच. तरी रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ गोळ्यांपैकी एक) घेणाऱ्यांत हार्ट अॅटॅक, पक्षाघात अशा घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. स्नायूदुखी आणि मधुमेह थोडे वाढले, तेही सांगायला हवं. त्यामुळे चाळिशीनंतर प्रत्येक बाईने रिपोर्ट कसाही असो, एआरटीच्या डॉक्टरांना ‘मला स्टॅटिन लागेल का?’ असं थेट विचारावं.

स्वतःहून मात्र घेऊ नये. रिटोनाविर चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन पूर्ण वर्ज्य: रक्तातली मात्रा अनेक पटींनी चढते, स्नायू वितळू शकतात आणि मूत्रपिंडावर बेतू शकतं. अॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिनलाही त्या गोळ्यांसोबत मर्यादा आहे. टीएलडीवर ही अडचण येत नाही. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर ते आधी सांगा.

पॅकेजमध्ये जे नाही तेच सर्वांत स्वस्त आहे. बीपी कुठल्याही सरकारी दवाखान्यात बघून मिळतं. कंबर टेपने मोजा, ८० सेंटिमीटरच्या आत हवी. डोल्युटेग्राविरवर वजन वाढतं आणि बायकांचं जास्त, म्हणून दर तीन महिन्यांनी मोजा. तंबाखूचा प्रश्न लॅबच्या फॉर्मवर असलाच तर ‘धूम्रपान करता का?’ एवढाच असतो. बाई ‘नाही’ लिहिते, आणि सकाळ-संध्याकाळची मिश्री, निपाणी भागात विड्या वळताना हाताला लागणारा तंबाखू कुठेच नोंदला जात नाही. मिश्री सोडणं हे सत्तर ओळींपेक्षा मोलाचं आहे.

गुप्ततेचं बघायला हवं. काही पॅकेजांत एचआयव्हीची तपासणी आपोआप घातलेली असते. ती काढायला सांगा: तुम्हाला निकाल माहीत आहे, आणि रिपोर्ट मात्र घरातल्या कुणाच्याही व्हॉट्सअॅपवर जाईल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि लॅबला तुमची स्थिती सांगायची सक्ती नाही. स्टॅटिन लिहून देणाऱ्या डॉक्टरला मात्र सगळ्या गोळ्यांची नावं कळलीच पाहिजेत. अडचण आली तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

म्हणून पॅकेज नको. लिपिड प्रोफाइल आणि उपाशीपोटीची शुगर सुटी मागा. लॅबवाला ‘पॅकेज स्वस्त पडेल’ म्हणेल, तरी सुटीच घ्या. स्टॅटिन सुरू झाली तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लिपिडच करायचं, आणि मांड्या-दंड सतत दुखत असतील किंवा लघवी गडद झाली असेल तर तेवढीही वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.