जुना ओप्पो दुरुस्त करायचा की नवा सोनी घ्यायचा?

ओप्पोने २०१८ मध्ये ब्लू-रे डिस्क प्लेअर बनवणं बंद केलं, तरी घरात त्यांचा यूडीपी-२०३ प्लेअर असेल तर मी आधी दुरुस्तीच बघेन. ट्रे अडकला किंवा डिस्क वाचत नाही म्हणजे मशीन गेलं असं नसतं, ठाण्याच्या दमट हवेत लेन्सवर धूळ बसून पण होतं, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दाखवून या. डिस्क वाचणारा लेझरच गेला असेल तर मात्र पार्टसाठी वणवण.

नव्यात सोनीचा एक्स८००एम२, ४के ब्लू-रे, शिवाय एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या गाण्यांच्या हाय-क्वालिटी डिस्क, सगळं वाजवतो. पण मागे अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही! २०३ ला ७.१ (आठ चॅनेलचा) अ‍ॅनालॉग आउटपुट आहे, म्हणजे जुना अ‍ॅम्प थेट जोडता येतो. एचडीएमआय केबलने आवाज घेणारा रिसीव्हर (नवा अ‍ॅम्प) असेल तर सोनी बिनधास्त घ्या.