मंजुरीच्या वेबपानांतील चुका शोधण्यासाठी क्रोम डेव्हटूल्स: तीन वर्षांच्या वापरानंतर

एका सहकारी दूध संघात मी संगणक विभाग सांभाळते. खरेदीची इंडेंट म्हणजे मागणीपत्रे, रजेचे अर्ज, वाहनांच्या डिझेलची मागणी ही सगळी कामे आमच्याकडे आता कागदावरून वेबपानांवर आली आहेत. अर्जदार माहिती भरतो, पानातली जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम (पुढे ‘स्क्रिप्ट’), ती वाचते आणि अर्ज पुढे कोणाच्या सहीसाठी जायचा ते ठरवते. ही पाने बाहेरच्या एका कंपनीने करून दिलेली असून त्यांचा मूळ कोड आमच्या हाती नाही. त्यामुळे पानात काही बिघडले की पहिला आधार क्रोम ब्राउझरमध्येच मिळणाऱ्या डेव्हटूल्सचा, म्हणजे पानाच्या आत काय चालले आहे ते दाखवणाऱ्या साधनांचा असतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत आणि वेगळे काही बसवावेही लागत नाही. एफ१२ दाबले की खिडकी उघडते.

बहुतेक जण ‘कन्सोल’ टॅबमधल्या, म्हणजे संदेश उमटणाऱ्या आणि आज्ञा टाइप करता येणाऱ्या जागेतल्या लाल ओळी पाहतात आणि तिथेच थांबतात. त्या ओळी उपयोगी आहेत, यात शंका नाही. अर्जातली एखादी चौकट कोणी काढून टाकली आणि स्क्रिप्ट मात्र अजून तीच शोधत असली, तर कोणता गुणधर्म वाचताना अडखळले ते लाल ओळ सांगते, आणि उजवीकडे फाइलचे नाव व ओळीचा क्रमांकही देते. मंजुरीच्या पानांसाठी मात्र दोन गोष्टी आधीच करून ठेवाव्या लागतात. अर्ज पाठवल्यावर पान बदलते आणि त्याबरोबर कन्सोल पुसला जातो, म्हणून ‘प्रिझर्व्ह लॉग’ची खूण करून ठेवावी. शिवाय असे अर्ज पुष्कळदा आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आतल्या पानात उघडतात. कन्सोलच्या वरच्या यादीतून ती आतली चौकट निवडली नाही, तर तुम्ही टाइप केलेली आज्ञा बाहेरच्या पानावर चालते आणि जे चल (स्क्रिप्टने किमती साठवलेली नावे) समोर असायला हवेत ते सापडतच नाहीत. मला हे कळायला दोन दिवस लागले होते.

डेव्हटूल्सची खरी किंमत मला कळली ती लाल ओळ नसलेल्या चुकीमुळे. आमच्याकडे ५०,००० रुपयांवरचे प्रत्येक इंडेंट महाव्यवस्थापकांकडे गेले पाहिजे असा नियम आहे. एकदा होमोजनायझरच्या सुट्या भागांचे १,२०,००० रुपयांचे इंडेंट त्यांच्याकडे न जाता थेट खरेदी विभागात पोहोचले. भांडारपाल काकुळतीने म्हणाले, “मॅडम, मी रक्कम बरोबरच टाकली होती, हवं तर तुमच्यासमोर परत टाकतो.” त्यांनी परत टाकली आणि तेच घडले. माझ्या संगणकावर तोच अर्ज बरोबर मार्गाने गेला, आणि कंपनीकडूनही “आमच्याकडे तर नीट चालते” एवढेच उत्तर आले. कन्सोल स्वच्छ होता. चूक उद्भवताच थांबण्याची सोय सुरू केली तरी स्क्रिप्ट कुठेच थांबली नाही, कारण जावास्क्रिप्टच्या दृष्टीने काही चुकलेच नव्हते.

मग मी भांडाराच्या संगणकावर ‘नेटवर्क’ टॅब उघडून अर्ज पाठवला आणि सर्व्हरकडे गेलेला मजकूर वाचला. वस्तूंच्या ओळी बरोबर होत्या, पण एकूण रकमेच्या जागी ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, होते. रक्कम पडद्यावर ठळक दिसत असताना ती रिकामी जाते, म्हणजे ती वाटेतच कुठेतरी हरवत होती. ‘सोर्सेस’ टॅबमध्ये एक्सएचआर-फेच ब्रेकपॉइंट, म्हणजे सर्व्हरकडे विनंती जाताना स्क्रिप्ट थांबवणारी खूण, असते. तिच्यात सर्व्हरच्या पत्त्याचा एखादा तुकडा लिहून ठेवला की त्या पत्त्याकडे विनंती निघण्याच्या क्षणी स्क्रिप्ट जागच्या जागी थांबते. ती थांबली. समोर आलेली फाइल एका लांबलचक ओळीत दाबून बसवलेली होती, पण खालच्या महिरपी कंसाच्या बटणामुळे ती वाचण्याजोग्या ओळींत मांडली गेली. ‘कॉल स्टॅक’मध्ये, म्हणजे स्क्रिप्ट कुठून कुठे आली त्या यादीत, एक पायरी मागे गेले, तेव्हा चलांच्या किमती दाखवणाऱ्या ‘स्कोप’मध्ये एकूण रकमेच्या चलापुढे लिहिले होते ‘नॅन’, अर्थात ‘ही संख्या नाही’. नॅनची ५०,००० शी तुलना केली की उत्तर नेहमी ‘नाही’ असे येते, आणि सर्व्हरकडे माहिती पाठवण्याच्या जेसन या मांडणीत घालताना नॅनचे नल होते. दोन्ही कोडी एकाच ओळीत उलगडली.

उरला प्रश्न, ही संख्या संख्या का राहिली नाही. त्यासाठी रक्कम वाचणाऱ्या ओळीवर मी लॉगपॉइंट ठेवला. लॉगपॉइंट स्क्रिप्ट थांबवत नाही, फक्त हव्या त्या चलाची किंमत कन्सोलमध्ये लिहितो. २०१९ मध्ये क्रोमच्या ७३ व्या आवृत्तीत ही सोय आली. कन्सोलमध्ये उमटले ‘१,२०,०००’, आणि ते मराठी अंकांत. भांडारपालांनी क्रोमची भाषा मराठी ठेवली होती. पानाची स्क्रिप्ट एकूण रक्कम ‘टूलोकेलस्ट्रिंग’ने, म्हणजे संख्या त्या त्या भाषेच्या पद्धतीने लिहिणाऱ्या आज्ञेने, सजवून दाखवत होती, पण भाषा कोणती ते तिने सांगितले नव्हते. अशा वेळी ब्राउझर स्वतःची भाषा घेतो, आणि मराठीसाठी त्याचे ठरलेले अंक देवनागरी आहेत. पुढे दुसरी स्क्रिप्ट पडद्यावरचा तोच मजकूर उचलून, स्वल्पविराम काढून, त्याची संख्या करू पाहत होती. जावास्क्रिप्टला ‘नंबर’ म्हणून केवळ इंग्रजी अंक कळतात. ज्या माणसाने आपल्या भाषेत संगणक वापरला, त्याच्याच अर्जाची वाट चुकली, याचे मला फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

दुरुस्ती योग्य आहे का, हे तपासायलाही डेव्हटूल्स पुरली. ‘लोकल ओव्हरराइड्स’ या सोयीने सर्व्हरवरून आलेल्या फाइलऐवजी आपल्या संगणकावरची बदललेली प्रत चालवता येते. दाखवायचा मजकूर एकीकडे आणि मूळ संख्या दुसरीकडे असे मी त्या प्रतीत वेगळे केले. त्यानंतर त्याच मराठी क्रोममधून इंडेंट थेट महाव्यवस्थापकांकडे गेले. फाइलचे नाव, ओळ आणि बदल कंपनीला कळवल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांनी दुरुस्ती केली.

उणिवाही सांगायला हव्यात. कन्सोलमध्ये एखादी वस्तू छापली आणि नंतर ती उलगडून पाहिली, तर उलगडण्याच्या क्षणीची किंमत दिसते, छापण्याच्या क्षणीची दिसत नाही. शेजारी लहानशी खूण असते, पण घाईत तिच्याकडे लक्ष जात नाही आणि माणूस भलत्याच दिशेने जातो. काही चुका वेळेशी बांधलेल्या असतात, जसे विभागांची यादी सर्व्हरवरून येण्याआधीच स्क्रिप्टने ती वाचायला घेणे. तिथे एखाद्या ओळीवरच्या ब्रेकपॉइंटला थांबल्याने यादीला यायला वेळ मिळतो आणि चूक नाहीशी होते, म्हणून अशा ठिकाणी लॉगपॉइंटच वापरावा. काही पानांत चुका रिकाम्या ‘कॅच’मध्ये, म्हणजे चूक पकडून पुढे काहीच न करणाऱ्या कोडमध्ये, गिळून टाकलेल्या असतात. पकडलेल्या चुकांवरही थांबण्याचा वेगळा चौकोन आहे, तो जरूर वापरावा, मात्र त्यानंतर लायब्ररींच्या, म्हणजे पानात वापरलेल्या इतरांच्या तयार कोडच्या, आतही पावलोपावली थांबावे लागते. त्या फाइली ‘इग्नोर लिस्ट’ या दुर्लक्ष करण्याच्या यादीत टाकल्या की त्रास बराच कमी होतो. ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे जोडप्रोग्रामांच्या चुकाही त्याच कन्सोलमध्ये मिसळतात, त्यामुळे पहिली तपासणी मी नेहमी इनकॉग्निटो खिडकीत करते, जिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात.

फायरफॉक्स ब्राउझरची साधनेही मी अधूनमधून वापरते. त्याच्या इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे पानाची रचना दाखवणाऱ्या टॅबमध्ये, बटणाच्या शेजारीच ‘इव्हेंट’ अशी चिठ्ठी दिसते आणि ती दाबली की त्या बटणाला कोणती स्क्रिप्ट बांधली आहे ते कळते. क्रोममध्ये त्यासाठी वेगळा टॅब उघडावा लागतो. मायक्रोसॉफ्ट एज २०२० पासून क्रोमच्याच मूळ कोडवर, म्हणजे क्रोमियमवर चालतो, त्यामुळे तिथे जवळजवळ हेच सगळे मिळते. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी आलेल्या फायरबग या चुका शोधण्याच्या साधनावर ज्यांचा हात बसला होता, त्यांना यांपैकी काहीच परके वाटणार नाही.

सर्वांत मोठी मर्यादा अशी की डेव्हटूल्स ज्या संगणकावर उघडली असतील तिथलेच दाखवतात. संकलन केंद्रावरच्या माणसाच्या पडद्यावर काय झाले, ते त्यातून कळत नाही. यासाठी पानानेच ‘विंडो ऑनएरर’ (न पकडलेल्या चुकीची सूचना) आणि हाताळल्या न गेलेल्या प्रॉमिसची, म्हणजे नंतर पूर्ण व्हायच्या पण फसलेल्या कामाची घटना ऐकून ती सर्व्हरकडे पाठवायला हवी. तेव्हा आणखी एक अडचण येते. स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर ब्राउझर सुरक्षेसाठी तपशील झाकतो आणि ‘स्क्रिप्ट एरर’ एवढेच दोन शब्द हाती लागतात. पानात स्क्रिप्ट जोडणाऱ्या टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ हा गुणधर्म आणि त्या सर्व्हरच्या उत्तरात सीओआरएसचा, म्हणजे दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारा, योग्य हेडर, असे दोन्ही लावल्यावरच फाइल आणि ओळ दिसू लागते. आमच्या पानांत गेल्या वर्षी हे करून घेतले, आणि आता केंद्रावरचा फोन येण्याआधी चुकीची ओळ माझ्या नोंदीत आलेली असते.