ऑटोइम्यून पॅनेल: पैसे कशासाठी मोजावेत, कशासाठी नाही

सांधे आखडतात, केस गळतात, थकवा जात नाही, म्हणून डॉक्टरांना न विचारता लॅबमध्ये जाऊन 'ऑटोइम्यून पॅनेल', म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटली आहे का ते बघणाऱ्या रक्तचाचण्यांचा गठ्ठा, करून घेणारे बरेच असतात. त्यात सहसा एएनए (पेशीच्या केंद्रकावर उठणाऱ्या अँटीबॉडीज), आरएफ आणि अँटी-सीसीपी (दोन्ही संधिवातासाठी), थायरॉइडसाठी अँटी-टीपीओ आणि काही वेळा एचएलए-बी२७ (मणक्याच्या आजाराशी संबंध असलेलं जीन) असतं. चाचण्या चांगल्या आहेत. त्या एकगठ्ठा विकणं मात्र आम्हाला पटत नाही.

सगळ्यात जास्त घाबरवते ती एएनए. बुकिंग करण्याआधी पद्धत विचारा. आयएफए या पद्धतीत हेप-२ नावाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींच्या स्लाइडवर तुमचं सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घालतात, त्यावर चमकणारा रंग जोडलेल्या अँटीबॉडीज, आणि मग मायक्रोस्कोपखाली पेशीचं केंद्रक हिरवं दिसतं का ते बघतात. सीरम दरवेळी दुप्पट पातळ करत नेतात. चमक जिथवर टिकते तो टायटर. एलायझा ही दुसरी पद्धत स्वस्त आणि झटपट, पण किटमध्ये घातलेल्या अँटिजेनपलीकडे (अँटीबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ) तिला काही दिसत नाही आणि चमकेचा पॅटर्नही कळत नाही. टायटर आणि पॅटर्न न देता नुसतं 'पॉझिटिव्ह' छापणारा रिपोर्ट घेऊ नका. १:४० ला, म्हणजे सीरम चाळीसपट पातळ केल्यावर, धडधाकट माणसांपैकीही सुमारे ३० टक्के पॉझिटिव्ह येतात, १:३२० ला जेमतेम ३ टक्के.

अँटीबॉडी आहे आणि आजार नाही, हे कसं? स्वतःच्याच पेशींवर उठणाऱ्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) छातीतली थायमस ग्रंथी बऱ्याच अंशी बाद करते. काही निसटतात, त्यांना नियामक टी पेशी आवरून धरतात. आजार व्हायला अनुकूल जीन लागतात आणि वर एखादी ठिणगी: संसर्ग, धूम्रपान, एखादं औषध, ल्युपसमध्ये (त्वचा, सांधे, मूत्रपिंडांना गाठणारा ऑटोइम्यून आजार) ऊनसुद्धा. म्हणूनच एचएलए-बी२७ असलेल्या बहुतेकांना मणक्याचा आजार कधीच होत नाही. कंबर सकाळी आखडत नसेल, तर ही चाचणी वगळा.

पॅनेलमध्ये खरी मोलाची वाटते ती अँटी-सीसीपी. तंबाखूच्या धुराने फुप्फुसातल्या प्रथिनांमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन होतं. जनुकीय कल असलेल्या शरीराला ती बदललेली प्रथिनं परकी वाटतात, आणि सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधी त्यांच्याविरुद्धची ही अँटीबॉडी रक्तात दिसू शकते. आरएफ तितकी नेमकी नाही. हिपॅटायटिस सी मध्ये आणि वाढत्या वयातही ती वाढते.

'कशामुळे झालं' याचं उत्तर मात्र या पॅकेजमध्ये नाही. ते औषधांच्या यादीत सापडू शकतं. हायड्रालाझिन (रक्तदाबाचं औषध) किंवा मिनोसायक्लिन (अँटिबायोटिक) चालू असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. अशा औषधाने आलेला ल्युपस ते थांबवल्यावर बहुधा ओसरतो, एएनए पुढे कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दर सहा महिन्यांनी एएनए करा, हा लॅबचा सल्ला निरुपयोगी. तिचा टायटर आजाराबरोबर चढत-उतरत नाही. ल्युपसवर लक्ष ठेवायला अँटी-डीएसडीएनए (डीएनएवर उठणारी अँटीबॉडी), सी३, सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं) आणि लघवीतलं प्रथिन बघतात.

तयारीच्या सूचनांत 'उपाशीपोटी या' असतं. या चाचण्यांना त्याची गरज नाही. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळीबद्दल विचारायला हवं, ते राहून जातं. जास्त डोस असेल तर काही मशीनवर थायरॉइडचे आकडे चुकतात. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा.